फुस्स कुठून होतंय?

रायगड जिल्ह्यातलं पेण आणि जवळची हमरापूर, जोहे ही गावं गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत, हे तुम्हाला माहीत असेल. तिथले पुष्कळ कारखाने म्हणजे मोठमोठ्या इमारती नव्हेत. घराला लागून एक शेड असते, शेडमध्ये फळ्यांवर ओळीनं मूर्ती ठेवलेल्या असतात आणि कोपऱ्यात एक लालभडक टाकी असते. टाकीवर मोटर, मोटरशेजारी पंप. हा कॉम्प्रेसर. त्याच्या पाइपाच्या टोकाला स्प्रे गन लावायची, खटका दाबायचा, की रंगाचा बारीक फवारा उडतो आणि मूर्तीवर अंगाचा रंग एकसारखा बसतो. डोळ्यांची आखणी मात्र ब्रशनं, हातानंच होते. ते काम हवेवर सोपवता येत नाही.

आता समजा, रात्री काम संपलं. दिवे मालवले, पण कॉम्प्रेसरचं बटण चालूच राहिलं. सगळे गाढ झोपेत असताना मध्यरात्री एकदम धडधडधडधड! मोटर आपोआप सुरू झाली, थोडा वेळ चालली आणि थांबली. तासाभरानं पुन्हा धडधड. पुन्हा शांत. शेडमध्ये चिटपाखरू नाही, स्प्रे गन खुंटीला टांगलेली. मग टाकीतली हवा संपवली कुणी?

कुणीच नाही. ती निसटली. कुठून निसटली हे शोधून काढायचं, आणि तेही हवा दिसत नसताना! मला तर हे काम कुठल्याही कोड्यापेक्षा जास्त आवडतं, कारण इथे पुरावे खरेखुरे असतात. ते कानाला ऐकू येतात, साबणाच्या पाण्यात दिसतात आणि घड्याळावर मोजता येतात.

आधी टाकीत काय आहे ते बघू. घरगुती कॉम्प्रेसरची छोटी टाकी साधारण २५ लिटरची असते. पंपातला दट्ट्या बाहेरची हवा ओढतो आणि टाकीत कोंबतो. प्रेशर गेजचा काटा ८ बारवर पोचला, की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण १ बार असतो आणि गेजवरचे ८ हे त्याच्या वरचे. म्हणजे २५ लिटरच्या जागेत आता एकूण नऊ टाक्या भरतील एवढी, सुमारे २२५ लिटर हवा आहे. पंपानं त्यातली २०० लिटर नव्यानं कोंबली. एक लिटर हवेचं वजन साधारण सव्वा ग्रॅम, म्हणजे टाकी जवळजवळ पाव किलोनं जड झाली. हवेला वजन असतं हे पाठ करायला सोपं, पण पाव किलो म्हटलं की कसं खरं वाटतं!

आणि दाब? ८ बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ८ किलोचा रेटा. टाकीच्या भिंतीवर पोस्टकार्डाएवढा चौकोन आखला, तर त्या चौकोनाला हवा आतून जवळजवळ एक टनाच्या जोरानं बाहेर ढकलत असते. दिवसरात्र. म्हणून एक गोष्ट आताच सांगतो आणि ती अगदी मनापासून सांगतो: कॉम्प्रेसरच्या जवळ जायचं ते घरातल्या मोठ्या माणसाबरोबरच. फुस्स करणाऱ्या भोकावर बोट ठेवायचं नाही, हवेचा झोत कुणाच्या अंगावर धरायचा नाही. दाबाची हवा कातडीतून आत शिरू शकते, डोळ्याला आणि कानाला कायमची इजा करू शकते.

बारीकशा भोकातून अशी कितीशी हवा जाणार, असं तुम्हाला वाटेल. एक मिलिमीटरचं भोक धरा, जाड सुईएवढं. आत ७-८ बारचा दाब असेल तर त्यातून दर सेकंदाला साधारण एक लिटर हवा निघून जाते! मिनिटाला ६० लिटर. छोटा पंप मिनिटाला शंभरेक लिटर हवा भरत असेल, तर त्याची निम्म्याहून जास्त मेहनत त्या एका भोकापायी वाया. भोकातून सुटणारी हवा साधारण ध्वनीच्या वेगानं धावते. गंमत म्हणजे टाकीतला दाब दुप्पट केला तरी भोकाच्या तोंडाशी तिचा वेग वाढत नाही. तिथे तिला ध्वनीच्या वेगाची मर्यादा पडते. मग जास्त दाबानं होतं काय? तर त्याच वेगानं, पण जास्त दाट हवा बाहेर पडते.

पाणी जिथून गळत नाही तिथूनही हवा जाते, हेही लक्षात ठेवा. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, त्यामुळे अगदी बारीक फटीच्या तोंडाशी पाणी थबकतं. हवेच्या रेणूंना असं काही बंधन नाही. शिवाय पाणी हवेपेक्षा जवळजवळ ५० पट चिकट आहे. घरातल्या नळाचा जोड कोरडा ठणठणीत दिसला, म्हणजे तो हवेसाठीही पक्का असेलच असं नाही.

चला, शोधाला लागू. पण गळती आहे का, हे आधी पक्कं करायला हवं, आणि पहिल्याच पायरीवर एक फसवणूक टपून बसलेली असते.

टाकी भरली, मोटर थांबली, काटा ८ वर. दहा मिनिटांनी बघितलं तर साडेसातच्या आसपास! गळती? थांबा. सायकलला हातपंपानं हवा भरल्यावर पंपाच्या नळीला हात लावून बघितलाय? चांगली गरम लागते. हवा दाबली की तापते. टाकीत शिरलेली हवाही तापलेली असते, आणि मग हळूहळू निवते. निवली की तिचा दाब उतरतो. टाकीतली हवा ४७ अंशांवरून २७ अंशांवर आली, तर एक थेंबभर हवा न निसटताही काटा ८ वरून ७.४ वर येतो. म्हणून टाकी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, मग काटा कुठे आहे ते वेळेसकट वहीत लिहायचं आणि अर्ध्या तासानं परत बघायचं. काटा आता जागचा हलला नसेल तर गळती नाही. हलला असेल तर आहे.

किती आहे हेही इथेच कळतं. काटा एक बार खाली आला, म्हणजे एक टाकीभर, २५ लिटर हवा गेली. अर्ध्या तासात एक बार, तर मिनिटाला लिटरभरापेक्षा थोडी कमी. आता रात्रीच्या धडधडीचा हिशेब लागला का? काटा ६ पर्यंत उतरला की प्रेशर स्विच मोटर पुन्हा चालू करतो, असं धरा. ८ वरून ६, म्हणजे ५० लिटर हवा तासाभरात निसटली होती. भोक किती बारीक असेल, विचार करा.

आता जागा. सगळ्या सांध्यांवर एकदम तुटून पडू नका. आधी यंत्राचे दोन भाग पाडा. पाइप टाकीला जोडणाऱ्या कपलरमधून काढून ठेवला की कपलर आपोआप बंद होतो. आता काटा उतरायचा थांबला, तर दोष पाइपात किंवा गनमध्ये. तरीही उतरतोय? मग टाकीच्या बाजूला. एका साध्या कृतीनं अर्धी शंका मिटली.

पुढचं काम कानांचं, आणि इथे तुम्ही मोठ्या माणसांच्या पुढे आहात. वय वाढतं तसे माणसाला अगदी बारीक, तीव्र आवाज ऐकू येईनासे होतात. लहान गळतीचा आवाज नेमका त्याच जातीचा, स्स्स असा. आजोबा म्हणतील काही ऐकू येत नाही, आणि तुम्हाला स्पष्ट ऐकू येईल. मोठ्या कारखान्यांत तर यासाठी खास यंत्रं असतात. गळतीच्या आवाजाचा काही भाग आपल्या ऐकण्याच्या पलीकडचा असतो. माणसाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, ही यंत्रं ४० हजारांच्या आसपासचा ऐकतात. त्यामुळे आजूबाजूला कितीही खडखडाट असला तरी त्यांना गळती सापडते.

मेकॅनिक लोक यंत्राशिवायही एक युक्ती करतात. हातभर रबरी नळीचं एक टोक कानाजवळ धरायचं, कानात घालायचं नाही, आणि दुसरं टोक एकेका सांध्याजवळून हळू फिरवायचं. जिथे आवाज एकदम मोठा होतो, तिथे थांबायचं.

मग साबण. पंक्चर काढणारे काका ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवतात, तसा कॉम्प्रेसर काही बुडवता येणार नाही. म्हणून पाणीच त्याच्याकडे न्यायचं. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाका आणि हळूच ढवळा. फेस होऊ द्यायचा नाही, कारण आपणच केलेला फेस आणि हवेनं केलेला फेस यांत मग फरक कळत नाही. कॉम्प्रेसरचा प्लग आधी काढून ठेवा, स्विचच्या डबीत पाणी जाऊ देऊ नका. जुन्या ब्रशनं प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा आणि मनात वीसपर्यंत मोजा. मोठी गळती पाणी उडवूनच लावते. मधली गळती टपोरे बुडबुडे काढते. अगदी बारीक गळती असली तर आधी काहीच दिसत नाही, मग पांढरा रवाळ फेस हळूहळू जमायला लागतो. घाई करणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

नुसत्या पाण्यानं हे का जमत नाही? पाण्याचा पृष्ठभाग फार ताणलेला असतो, तो पातळ पापुद्र्यासारखा पसरत नाही, लगेच फुटतो. साबण तो ताण कमी करतो आणि पापुद्रा टिकवतो. हवा त्यात अडकते आणि दिसते.

कुठे लावायचं? कपलर, पाइपाचे क्लिप, गेजचे आटे, रेग्युलेटर, सेफ्टी व्हॉल्व्ह. आणि टाकीच्या पोटाखालचा ड्रेन कॉक मुळीच विसरू नका. वाकून बघायचा कंटाळा येतो म्हणून तो राहून जातो, आणि पुष्कळदा दोष तिथेच असतो.

आता या सगळ्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट.

प्रेशर स्विचच्या खाली एक छोटा व्हॉल्व्ह असतो. मोटर थांबताक्षणी तिथून एकदा ‘फुस्स’ असा आवाज येतो. ही गळती नव्हे, हे त्याचं कामच आहे. पंपापासून टाकीपर्यंतच्या नळीत दाबाची हवा अडकलेली असते. ती तशीच राहिली तर पुढच्या वेळी मोटरला पहिल्याच फेरीला तिच्याविरुद्ध जोर लावावा लागेल, मोटर नुसती घुं घुं करेल आणि फिरणारच नाही. म्हणून तेवढी हवा सोडून देतात. पण टाकीतली हवा उलट त्या नळीत येत नाही, कारण मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. मेकॅनिक त्याला एनआरव्ही म्हणतात. हवेला आत येऊ द्यायचं, परत जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

समजा, स्विचखालच्या त्या छोट्या व्हॉल्व्हमधून सतत फुस्स येतंय. साबण लावला, बुडबुडे आले. सापडला गुन्हेगार? बहुतेक जण तो व्हॉल्व्ह बदलतात. नवा बसवतात. आणि फुस्स चालूच!

कारण ‘कुठून’ हा एकच प्रश्न विचारला. दुसरा विचारायचा राहिला: कधी? मोटर बंद असताना हवा येत राहिली, तर तो छोटा व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष आहे. मोटर बंद असताना त्यानं उघडंच राहायचं असतं. दोष एनआरव्हीचा. त्याच्या रबरावर कचरा बसला असेल किंवा ते झिजलं असेल, म्हणून टाकीतली हवा मागे येते आणि पहिल्या उघड्या दारातून बाहेर पडते. उलट, मोटर चालू असताना तिथून फुस्स येत असेल, तर मात्र छोट्या व्हॉल्व्हचाच दोष, कारण आता त्यानं बंद असायला हवं. जागा तीच, आवाज तोच. वेळ वेगळी, म्हणून दोषी वेगळा.

डॉक्टर हेच करतात, माहितीये? तुमच्या हृदयातही एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपा आहेत. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून हृदयाचे ठोके ऐकले. तिथून स्टेथोस्कोप आला. हृदय लब-डब, लब-डब वाजतं. एखादी झडप नीट मिटत नसेल तर रक्त उलटं येतं आणि मध्येच सूं असा आवाज होतो. तो ‘लब’ आणि ‘डब’ यांच्या मध्ये आला, की मायट्रल झडप गळत असावी. ‘डब’नंतर आला, की एओर्टिक झडपेचा संशय. डॉक्टर आवाजाची जागा बघतात आणि वेळही बघतात. कॉम्प्रेसरसमोर बसलेला मेकॅनिक आणि छातीला नळी लावलेले डॉक्टर एकच प्रश्न विचारत असतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कधी कधी एकही बुडबुडा येत नाही, काटाही जागचा हलत नाही, पण टाकी भरायलाच पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. तेव्हा गळती पंपाच्या आत आहे. दट्ट्यावरच्या पातळ पोलादी पट्टीच्या झडपा तुटल्या असतील किंवा हेडखालचं गॅसकेट फाटलं असेल. हवा बाहेर न जाता आतल्या आतच मागेपुढे करत राहते. हवा आत ओढणाऱ्या फिल्टरजवळ कागदाचा कपटा धरून बघायचा. तो नुसता आत खेचला जायला हवा. मध्येच बाहेर उडत असेल तर पंप उघडायलाच हवा, आणि ते काम मेकॅनिकचं.

दुरुस्तीला हात लावण्याआधी मात्र टाकी पूर्ण रिकामी करायची, काटा शून्यावर. दाब असताना पान्हा लावायचा नाही, ‘जरासं आवळतो’ असं म्हणूनही नाही.

जोडाच्या आट्यांतून हवा जात असेल तर टेफ्लॉन टेप. ही पांढरी पट्टी जन्माला आली तीच एका हरवलेल्या वायूमुळे. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट हे २७ वर्षांचे रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठी लागणाऱ्या वायूंवर काम करत होते. एका सिलिंडरची तोटी उघडली तर आतून काहीच येईना. वायू गळून गेला म्हणावं, तर सिलिंडरचं वजन भरलेल्या सिलिंडरएवढंच! मग त्यांनी सिलिंडर कापला. आत पांढरी, मेणचट, गुळगुळीत भुकटी. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तो घनपदार्थ झाला होता. तोच टेफ्लॉन. टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वेढे घ्यायचे. उलटे घेतले तर जोड आवळताना टेप सुटून गोळा होतो. पहिला आटा मोकळा ठेवायचा, नाहीतर टेपचे तुकडे आत जाऊन एनआरव्हीतच अडकतात.

कपलरसारख्या जागी रबरी वायसर किंवा ओ-रिंग असते. ओ-रिंग हे नाव फार साधं, पण तिची करामत बघा: दाब वाढला की हवाच त्या रिंगला फटीत आणखी घट्ट ढकलते. जी हवा निसटू पाहते, तीच स्वतःची वाट बंद करते! नील्स ख्रिस्टेन्सन या डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या संशोधकानं उतारवयात ही रिंग तयार केली. १९३९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. रबर जुनं झालं, उष्णतेनं कडक पडलं, की ते फटीत दबत नाही आणि गळती सुरू होते. काही रुपयांची रिंग बदलली की झालं.

एक गळती मात्र कधीच दुरुस्त करायची नाही. ती म्हणजे खुद्द टाकीच्या पत्र्यातली.

ती होते पाण्यामुळे. हवेत वाफ असते आणि पेणच्या पावसाळ्यात तर भरपूर. मूर्तीच्या रंगाची घाई नेमकी तेव्हाच. २२५ लिटर दमट हवा २५ लिटरच्या टाकीत कोंबली आणि ती निवली, की तेवढ्या जागेत सगळी वाफ मावत नाही, उरलेलीचं पाणी होतं. एकदा टाकी भरली की साधारण चमचाभर. दिवसभरात टाकी किती वेळा भरत असेल! हे पाणी तळाशी साचतं, रंगाच्या फवाऱ्यात थेंब उडवतं आणि आतून पत्रा गंजवतं. म्हणून काम संपलं की ड्रेन कॉक उघडून पाणी काढायचं असतं. वर्षानुवर्षं काढलं नाही, तर एक दिवस तळाला साबण लावल्यावर पत्र्यातूनच बुडबुडे येतात. ते भोक टाचणीच्या टोकाएवढं असलं तरी आजूबाजूचा सगळा पत्रा आतून पातळ झालेला असतो, आणि त्यावर पोस्टकार्डामागे एक टनाचा रेटा. एम-सील लावून किंवा वेल्डिंग करून ती टाकी पुन्हा वापरणं म्हणजे जिवाशी खेळ. हवा सोडायची, प्लग काढायचा आणि टाकी भंगारात द्यायची.

आणि एका ठिकाणी लोकांनी गळतीलाच कामाला लावलंय. रेल्वेगाडीत इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेचा एक पाइप जातो. आपल्याकडे त्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोचा दाब असतो. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले. दाब उतरला की सगळ्या डब्यांचे ब्रेक आपोआप लागतात. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ च्या सुमारास ही उलटी योजना काढली. आधीच्या पद्धतीत पाइप फुटला तर ब्रेकच लागायचे नाहीत. या पद्धतीत पाइप फुटला, डबे सुटले, काहीही झालं तरी गाडी थांबते. तुम्ही डब्यात बघता ती धोक्याची साखळी ओढली की त्या पाइपातली हवा सुटते आणि डब्याच्या टोकाला फुस्स आवाज येतो. साखळी कुठल्या डब्यात ओढली, हे शोधताना रेल्वेचे कर्मचारी तो आवाज ऐकत येतात.

कॉम्प्रेसर सगळ्यांच्या घरी नसतो, पण सायकल असते. चाकात हवा भरा, व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि वीसपर्यंत मोजा. बुडबुडा आलाच तर व्हॉल्व्ह थोडा आवळून पुन्हा थेंब ठेवा. तरीही फुगला, तर आतली रबरी नळी किंवा पिन बदलायला झाली आहे. आणि व्हॉल्व्ह कोरडा राहूनही सकाळी चाक बसलेलंच असेल, तर घमेलं भरून घ्या. आता ट्यूबची पाळी.